औषध आणि मुक्काम

मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी पती दोराबजी गेले. त्याआधी त्यांनी या रोगाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावे एक न्यास उभारला होता. रेडियमने उपचार करणारी संस्था भारतात हवी ही त्यांची इच्छा त्यांच्या विश्वस्तांनी पूर्ण केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळच्या गिरणगावात ८० खाटांचे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार ही त्या काळची दोन्ही साधने गाठीवर चालत, अंगभर वाहणाऱ्या रक्तावर नाही. ज्या रोगाने मेहेरबाई गेल्या, त्यावरच या नव्या इमारतीत उपाय नव्हता. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोगही रक्ताचाच, त्यामुळे या गैरसोयीचा मोठा भार मुलांवर पडला. आजार कळायचा, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मूल जायचे.

कोंडी फुटली ती बॉस्टनमध्ये. पेशींच्या वाढीला फोलिक आम्ल लागते. त्याच्यासारखेच दिसणारे पण पेशीला फसवणारे रसायन दिले तर वाढ थांबेल, असा तर्क सिडनी फार्बर यांनी केला. अमिनोप्टेरिन नावाचे हे रसायन त्यांना लेडर्ली प्रयोगशाळेतून मिळाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: १६ मुलांपैकी १० जणांत रोग काही काळापुरता मागे हटला. ‘काही काळापुरता’ हेच त्यातले खरे दुखणे होते. दोन महिन्यांनी सुब्बाराव वारले. भारतात त्यांचे नाव आजही औषधशास्त्राबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

एकेका औषधाने मागे हटलेला रोग उलटतो, पण चार-पाच औषधे ठरावीक क्रमाने दिली तर तो कायमचा जाऊ शकतो, हे साठच्या दशकात स्पष्ट झाले. १९६२ मध्ये मेंफिस येथे उघडलेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी या उपचाराची शिस्त बसवली. आधी महिनाभर जोरदार मारा, मग मेंदूभोवतीच्या द्रवात लपलेल्या पेशींचा बंदोबस्त, त्यानंतर दीर्घकाळ गोळ्या. सगळे मिळून दोन ते तीन वर्षे. शस्त्रक्रियेचा रुग्ण टाके निघाले की घरी जातो. औषधांच्या या उपचारावर, म्हणजे केमोवर, असलेल्या मुलाला मात्र रुग्णालयाजवळ बिऱ्हाड करावे लागते.

भारतात या उपचाराला खरा आकार आला तो ऐंशीच्या दशकात. १९८३ मध्ये सिएटलहून शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवानी यांनी टाटामध्ये देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी. या घटनेची बातमी झाली. त्यामानाने ‘एमसीपी-८४१’ या कोरड्या नावाची उपचारपद्धती गाजली नाही, पण तिचा उपयोग कितीतरी अधिक मुलांना झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयन मॅग्रथ यांच्या साहाय्याने मुंबईचे टाटा, चेन्नईची अड्यार येथील कर्करोग संस्था आणि दिल्लीचे एम्स यांनी एकच वेळापत्रक राबवले. त्याआधी भारतात या रोगातून वाचणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते. या पद्धतीत चार वर्षांनंतरही रोग न उलटलेल्यांचे प्रमाण केंद्रागणिक ४१ ते ६० टक्के भरले.

औषधे तीच असूनही पाश्चात्त्य देशांइतके यश येईना. याचे एक मोठे कारण म्हणजे अर्ध्यावर सुटणारे उपचार. पहिल्या महिन्यानंतर मूल खेळू लागते, रक्त स्वच्छ दिसते. तिकडे गावी पेरणी खोळंबलेली, धाकटे भावंड आजीजवळ, उसनवारीही संपलेली. आईबाप मुलाला घेऊन परततात, आणि सहा महिन्यांनी रोग उलटतो. दुसरे कारण जंतुसंसर्ग. केमोने पांढऱ्या पेशी घटल्या की मध्यरात्री आलेला साधा ताप सकाळपर्यंत जिवावर बेततो. म्हणून मूल राहते कुठे, हा प्रश्न थेट उपचारातला ठरतो. कुपोषित मुलाला औषधाचा पूर्ण डोस सोसत नाही. प्लेटलेट देणारे नातेवाईक बिहारहून किंवा बंगालहून आलेल्या कुटुंबाजवळ या शहरात नसतात.

या अडचणींची उत्तरे रुग्णालयाच्या भिंतीबाहेर शोधावी लागली. मुंबईत त्याची जुनी परंपरा होती: गाडगेबाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा बांधली होती, आणि त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करुग्णांचा मोठा आधार झाली. परळच्या नाना पालकर स्मृती समितीनेही हेच काम केले. तरीही जागा पुरेना. गोव्याच्या ख्यातनाम शल्यविशारदाचे नाव मिरवणाऱ्या अर्नेस्ट बोर्जेस मार्गाच्या पदपथावर, ताडपत्रीखाली, मुखपट्टी लावलेली टक्कल पडलेली मुले हे परळकरांच्या रोजच्या पाहण्यातले दृश्य. धर्मशाळेच्या मोठ्या दालनात शेजारी खोकणारा असला तर अशा मुलाला तीही सुरक्षित नव्हती. २००६ मध्ये निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी मुंबईत सुरू केलेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सनी हा मुद्दा नेमका ओळखला. मेंफिसच्या रुग्णालयाशी नावाचे साम्य असले तरी ही रुग्णालये नव्हेत, बिऱ्हाडे आहेत. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा, सामाईक स्वयंपाकघरात आपापला ओटा, रुग्णालयात ने-आण, मुलांना शिकवणी. भाडे नाही. आई आपल्या हाताने भात-डाळ रांधू शकते ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. केमोने तोंड आलेल्या, अन्नावरची वासना उडालेल्या मुलाच्या बाबतीत ती क्षुल्लक नसते.

मुले वाचू लागली तसा नवा प्रश्न उभा राहिला. डॉनोरुबिसिनसारखे औषध हृदयावर परिणाम ठेवून जाते. लहान वयात डोक्याला दिलेल्या किरणांमुळे वाढ आणि स्मरणशक्ती मंदावू शकते. हे दुष्परिणाम दहा-वीस वर्षांनीही दिसतात. डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळे ‘ॲक्ट’ क्लिनिक सुरू झाले. तेथे उंची-वजन, हृदयाची तपासणी, शाळेतील प्रगती, पुढे लग्न आणि नोकरीचे प्रश्नही नोंदले जातात. याच बऱ्या झालेल्यांनी २००९ मध्ये ‘उगम’ हा गट स्थापन केला. मुलींच्या लग्नात आजार सांगावा की लपवावा, यावर आईबापांची समजूत घालण्याचे कामही आता त्यांच्याकडे येते.