परभणी परिसरातील आले व सुंठ : औषधी आणि दैनंदिन उपयोगांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : आले, अद्रक, सुंठ, आयुर्वेद, युनानी वैद्यक, परभणी, लोकपरंपरा

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात राजघराणी, मंदिरे, संतपरंपरा आणि हैदराबाद मुक्तिसंग्राम या विषयांना योग्य ते स्थान मिळाले आहे. मात्र सामान्य माणसाच्या स्वयंपाकघराचा आणि घरगुती औषधांचा इतिहास तुलनेने दुर्लक्षित राहिला. आले हा कंद याचे एक उत्तम उदाहरण होय. चहात, वाटणात, बाळंतिणीच्या लाडवात आणि जन्मोत्सवाच्या सुंठवड्यात तो नित्य आढळतो. 'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण तर मराठी भाषेत इतकी रुळली आहे की, खोकल्यावर सुंठ हे गृहीतच धरले जाते. असे असूनही हे ज्ञान कोठून आले, कोणी जतन केले आणि त्यातील किती आज ग्राह्य मानावे, या प्रश्नांचा एकत्रित विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत शोधनिबंधात परभणी जिल्ह्याच्या संदर्भात हा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. आले व सुंठ यांच्या उपयोगामागील ग्रंथपरंपरांचा परभणी परिसराशी असलेला संबंध तपासणे.
२. घरगुती वापरातील अलिखित ज्ञानाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. आधुनिक संशोधनाच्या आधारे या ज्ञानाची उपयुक्तता व मर्यादा मांडणे.

अभ्यास पद्धती

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून वैद्यकग्रंथ, प्रवासी व वैद्यांची लेखी वर्णने, भाषिक पुरावे आणि प्रचलित लोकव्यवहार यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन

१. एका शब्दाचे दोन प्रवास : पश्चिम महाराष्ट्रात 'आले' म्हणतात, तर परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड या भागांतील बोलण्यात 'अद्रक' हा शब्द अधिक ऐकू येतो. वरवर पाहता एक शब्द मराठी व दुसरा परका वाटतो. प्रत्यक्षात दोहोंचे मूळ संस्कृत 'आर्द्रक' हेच आहे. 'आले' हा प्राकृतातून मराठीत उतरला. 'अद्रक' हा हिंदी, दखनी व उर्दू यांच्या सहवासातून आपल्याकडे रूढ झाला. 'शृंगवेर' या तिसऱ्या नावाचा प्रवास याहून दूरचा आहे. पाली 'सिंगिवेर' या रूपाशी ग्रीक 'झिंगिबेरिस' व अरबी 'जंजबील' या शब्दांचे नाते जोडले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने आल्याचा भाव पौंडास ६ दिनार, तर काळ्या मिरीचा ४ दिनार दिला आहे. त्या काळी रोमच्या बाजारात आले मिरीहूनही महाग होते, हे यावरून दिसते.

२. देवगिरीची संस्कृत परंपरा : आयुर्वेदाने ओले आले व वाळलेली सुंठ यांचा स्वतंत्र विचार केला. सुंठीस 'नागर', 'विश्वभेषज', 'महौषध' अशी गौरवपर नावे दिली. सुंठ, मिरी व पिंपळी यांचे मिश्रण 'त्रिकटू' म्हणून प्रसिद्ध आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात सुंठ भूक वाढविणारी, पचनास हलकी, उष्ण आणि कफ-वातनाशक सांगितली आहे. या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिणारा हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. महादेव (१२६१-१२७१) व रामचंद्र (१२७१-१३११) या राजांच्या काळात त्याचा उत्कर्ष झाला. परभणीचा प्रदेश त्या वेळी यादवांच्या सत्तेखाली होता. हेमाद्रीचे नाव आपण 'हेमाडपंती' बांधकामाशी जोडतो आणि जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे पाहताना त्याची आठवण काढतो. परंतु वैद्यकग्रंथाचा टीकाकार म्हणून त्याची ओळख या भागात फारशी नाही. त्यापूर्वी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथातही पाककृतींमध्ये आल्याचा उल्लेख येतो. पुढे सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या ग्रंथाने जेवणापूर्वी मिठासह आले खाणे हितकर सांगितले. आजही अनेक घरांत आल्याचा तुकडा, लिंबू व सैंधव यांनी जेवणास प्रारंभ होतो.

३. निजामशाही, हकीम आणि पाथरी : परभणी जिल्ह्यातील पाथरीचे दख्खनच्या इतिहासात विशेष स्थान आहे. फिरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्यानुसार अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. याच नात्याने बुऱ्हाण निजामशहाने १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी जिंकून घेतली. या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचे जाणे-येणे होते. ओर्ता १५३४ मध्ये गोव्यास आला. भारतीय औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात आल्यावर स्वतंत्र विवेचन असून दख्खनमध्ये ओल्या आल्यास 'अद्रक' म्हणतात, अशी नोंद आहे. म्हणजेच परभणीकरांच्या तोंडी असलेला हा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये प्रचलित होता, याला लेखी आधार मिळतो.

पुढे हा प्रदेश आसफजाही सत्तेखाली गेला आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला. संस्थानात युनानी वैद्यकास राजाश्रय होता. युनानी परंपरेत पचनासाठी दिले जाणारे 'जवारिश जंजबील' हे औषध सुंठीचेच. भारतातून पश्चिमेकडे गेलेले शृंगवेर अशा प्रकारे जंजबील या नावाने पुन्हा दख्खनमध्ये परतले. वैद्याची 'नागर' आणि हकिमाची 'जंजबील' या दोन नावांमागे वस्तू एकच होती. पचन आणि कफ यांवर ती उपयोगी पडते, याविषयी दोन्ही परंपरांचे एकमत होते.

४. स्त्रियांचे अलिखित ज्ञान : वरील दोन्ही परंपरा लिहिल्या गेल्या. तिसरी परंपरा मात्र घरातील आजी, सासू व सुईण यांच्या हातात राहिली. बाळंतिणीस सुंठ, डिंक, खारीक व खोबरे यांचे लाडू, सर्दीवर गूळ-सुंठीची गोळी, डोकेदुखीवर उगाळलेल्या सुंठीचा लेप, पुरणात सुंठ-वेलची आणि कृष्णाष्टमी, रामनवमी, हनुमान जयंतीस सुंठवडा, असा हा वापर आहे. सुंठवड्याचा प्रसाद जन्मोत्सवालाच वाटला जातो, ही बाब लक्षणीय आहे. बाळंतिणीच्या घरात जे दिले जाते तेच देवाच्या जन्मालाही दिले जाते, असे त्यामागील नाते दिसते.

बाळगुटी हे या ज्ञानाचे सर्वांत नेमके रूप होय. सहाणेवर सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ इत्यादी उगाळताना प्रत्येकाचे किती 'वेढे' द्यावयाचे, हे बाळाच्या वयानुसार ठरलेले असे. वेढा हे येथे मात्रेचे माप आहे. वजनकाटा नसतानाही तीव्र द्रव्य कमी व सौम्य द्रव्य अधिक देण्याची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या मुखपाठाने चालत आली.

सुंठीच्या या प्राधान्यास भौगोलिक कारणही संभवते. आल्यास पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन लागते. पाणी साचल्यास कंदकूज होते. गोदावरी-पूर्णा खोऱ्यातील भारी काळी जमीन त्यास सहज मानवत नाही. ओले आले लवकर खराब होते, सुंठ मात्र डब्यात वर्षभर टिकते. त्यामुळे येथील घरांत सुंठीस अधिक महत्त्व आले असावे, असे अनुमान करता येते.

५. आधुनिक संशोधन व मर्यादा : ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या घटकामुळे असतो. आले वाळताना त्यातील काही भागाचे रूपांतर शोगाओल या अधिक तिखट घटकात होते. त्यामुळे आले व सुंठ यांचा वेगळा विचार करणाऱ्या परंपरेस रसायनशास्त्राचा आधार मिळतो. प्रवासातील मळमळीवरील आल्याच्या परिणामाचा एक प्रयोग १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या प्रारंभीच्या मळमळीवर आल्याचा उपाय जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत समाविष्ट केला.

परंतु परंपरेतील प्रत्येक गोष्ट याप्रमाणे सिद्ध झालेली नाही. सर्दी-खोकल्यात आल्याने आराम वाटतो, तथापि त्याने रोग बरा होतो असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ व मिरी यांचा काढा प्रतिकारशक्तीसाठी सुचविला होता. लोकव्यवहारात मात्र तो कोरोनावरील उपचार समजला गेला. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आल्याचा अधिक वापर वैद्यकीय सल्ल्यानेच करावा. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे, ही आजची आरोग्यशास्त्रीय भूमिका आहे. त्यामुळे बाळगुटीचे ज्ञान इतिहास म्हणून नोंदविणे आवश्यक असले, तरी त्या वयात तिचा वापर समर्थनीय ठरत नाही. परंपरेचा अभ्यास करणे आणि तिचे अनुकरण करणे यांतील हा भेद अभ्यासकाने पाळला पाहिजे.

निष्कर्ष

१. परभणी परिसरातील आल्याचा उपयोग हा आयुर्वेद, युनानी वैद्यक आणि स्त्रियांची घरगुती परंपरा यांच्या संगमातून घडला आहे. तो कोणत्याही एका धर्माचा वा समाजाचा नाही.
२. 'आले' व 'अद्रक' हे शब्द परस्परविरोधी नसून एकाच मूळ शब्दाची दोन रूपे आहेत.
३. ग्रंथांतील ज्ञान सुरक्षित आहे, परंतु वेढ्यांच्या मापासारखे अलिखित ज्ञान ते जाणणाऱ्या वृद्ध स्त्रियांबरोबर नाहीसे होत आहे. महाविद्यालयांतील इतिहास, गृहविज्ञान व वनस्पतिशास्त्र विभागांनी मिळून या माहितीचे गावनिहाय संकलन करणे गरजेचे आहे.
४. असे संकलन करताना सिद्ध, संभाव्य आणि वर्ज्य असे स्पष्ट वर्गीकरण केल्यास ते इतिहास व सार्वजनिक आरोग्य या दोहोंस उपयुक्त ठरेल.