बट्टा

पाकीट फोडलं आणि आधी वास आला, जुन्या वहीचा, थोडा खळीचा. आत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत काडेपेटीचा एक छाप होता. जहाज छाप, विम्कोचा, म्हणजे आमच्या घरचाच. लहानपण अंबरनाथ पश्चिमेला, विम्को नाक्याच्या हाकेच्या अंतरावर गेलेलं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'मिंट कंडिशन, रेअर'. साडेसहाशे रुपये मोजले होते.

भिंग काढलं. डावीकडची कोरी किनार उजवीपेक्षा बारीक होती, दोरा-दोन दोऱ्यांचा फरक. फाटकी कड कुणीतरी कात्रीने सरळ करून घेतली होती. छाप उलटा करून दिव्यासमोर धरला, तर एका कोपऱ्यात कागद इतका विरळ की पलीकडचा उजेड पिवळा होऊन डोळ्यांत आला. पेटीवरून ओढून काढताना तिथला पापुद्रा पेटीलाच राहिला असणार.

विकणारा उल्हासनगरचा, तीन नंबर कॅम्पातला, जुन्या कागदपत्रांचा व्यापारी. फोन लावला.

"साईं, तुम्ही मिंट लिहिलं होतं."

"मिंटच आहे साहेब. पेटीवरून काढलेला, पण मिंट."

"पेटीवरून काढलेला मिंट कसा असेल? आणि कड कापलीय."

"कापली कुठे, नीट केलीय. मी नाही, आधीच्याने." मग जरा थांबून, "हे बघा, 'वापरलेला' लिहिलं तर कोणी बघत पण नाही. झिकझिक नको. दीडशे बट्टा काटतो. चालेल?"

पैशांचं सोडा, मी त्या शब्दापाशीच अडकलो. 'डिस्काउंट' नाही, 'रिफंड' नाही, बट्टा. मराठीत तो आता नावालाच उरलाय, म्हणजे कुणाच्या तरी नावाला लागण्यापुरता. 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' म्हणतो आपण, आणि म्हणताना डोळ्यांसमोर डाग येतो. पण हा डाग नव्हेच. बट्टा हा हिशेबातला शब्द. नाणं झिजलं, हिणकस निघालं किंवा दुसऱ्या टांकसाळीचं असलं की त्याच्या दर्शनी किमतीतून सराफ जी कसर कापून घेई, तो बट्टा. नावाला बट्टा लागणं म्हणजे माणूस बाजारात पूर्ण किमतीला न चालणं.

पेशवाईत रुपया म्हटल्यावर पुढचा प्रश्न असे, कुठला रुपया? पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, निजामाकडचा आणखी वेगळा. कुठे टांकसाळ सरकारी, कुठे मक्त्याने दिलेली. प्रत्येकाची चांदी थोडी निराळी, म्हणून एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना बट्टा. बंगालमध्ये तर वयाचाही बट्टा होता. सिक्का रुपया पाडल्या वर्षी पूर्ण किमतीला चाले, पुढच्या वर्षी शेकडा ३ ने उतरे आणि तिसऱ्या वर्षापासून शेकडा ५ ने. चांदी तेवढीच, वर्ष फक्त जुनं. सराफांची चंगळ होती. शेवटी कंपनी सरकारने त्यावर एक गमतीदार तोड काढली. रुपयावर शाह आलमच्या कारकिर्दीचं १९ वं वर्षच छापत राहायचं. वर्षं उलटत गेली, नाण्यावरचं साल मात्र १९ वर गोठलेलं. साल बदलेना, म्हणजे नाणं जुनं होईना, म्हणजे बट्टा लागेना. १८३५ साली कंपनीने सगळ्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया काढला आणि सराफांच्या पिढीजात धंद्याची एक मोठी बाजू आखडली.

नाणं पारखायची रीतही ऐकण्यासारखी होती, अक्षरशः. दगडावर टाकायचं. खणखणीत वाजलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं. 'खणखणीत' हे विशेषण आपण आता भाषणाला आणि आजोबांच्या तब्येतीला लावतो. शंका वाटली तर सराफ बारीक पोगराने नाण्यावर ठोका मारून आतली धातू पाही. शिवाय हे काम सरकारदरबारी पगारावर करणारा माणूस असे, पोतदार. खजिन्यात येणारं प्रत्येक नाणं त्याने तोलायचं, पारखायचं. आडनावांच्या यादीत पोतदार आणि सराफ शेजारी शेजारी राहतात ते उगीच नाही.

आजच्या नाणेबाजारात याचा सूड उगवलाय. त्या सराफी ठोक्यांमुळेच आता नाण्याची किंमत पडते. शिवराई असो की रुपया, चित्रावर पोगराची खूण दिसली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. ज्याने खरेपणाची खात्री दिली त्याच्याच हाताची खूण आज दोष ठरते.

काडेपेटीचा आणि या सगळ्याचा संबंध लावायला स्वीडनपर्यंत जावं लागतं. १८२७ साली इंग्लंडातल्या स्टॉकटन गावी जॉन वॉकर नावाच्या औषधविक्याने घासून पेटणाऱ्या काड्या विकल्या. पुढे आलेल्या पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या तर कुठेही घासा, पेटणार, म्हणजे खिशातसुद्धा. स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश्क याने १८४४ मध्ये ज्वालाग्राही द्रव्यांची फाळणी केली. काडीच्या गुलावर एक, पेटीच्या कडेवर दुसरं, तांबडा फॉस्फरस. दोघांची गाठ पडल्याशिवाय आग नाही. यॉनशोपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी ती सुरक्षित काडी बाजारात आणली. पण या युक्तीचा एक परिणाम कुणी मनात धरला नसेल. काडीला आता तिची स्वतःचीच पेटी लागू लागली. पेटी सक्तीची झाली, पेटीला माथा आला आणि माथ्यावर छाप.

छाप हा शब्दही टांकसाळीकडचाच नातलग. छापा की काटा विचारताना आपण नाण्याचीच बाजू मागतो. पण दुकानात त्याचं काम वेगळं होतं. ज्याला अक्षरओळख नाही त्याने 'वाघ छाप द्या', 'घोडा छाप द्या' म्हणावं आणि नेमका माल मिळावा. चित्र हेच नाव. म्हणून नक्कलही चित्राचीच व्हायची. स्वीडिश छापांची हुबेहूब वाटावी अशी नक्कल जपानी कारखानदारांनी केली, पदकांच्या ओळीसकट. पुढे हिंदुस्थानच्या बाजारासाठी लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण आले. मळवलीला छापखाना असलेल्या रविवर्म्याच्या चित्रांवरून बेतलेल्या देवता परदेशात छापून पेटीवर बसून परत आल्या. उल्हासनगरच्या मालावरचं 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तो सांगताना नकलेचं कूळ एवढं जुनं आणि एवढं सातासमुद्रापारचं असेल, हे आमच्या गावीही नव्हतं.

१९२२ साली सरकारने आयात काडेपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया जकात बसवली. ग्रोस म्हणजे १४४ पेट्या. दीड रुपयाच्या २८८ पया, म्हणजे पेटीमागे बरोबर दोन पया. आज हसू येतं, पण तेव्हा या दोन पयांनी दोन गावांचं नशीब फिरवलं. शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हा धंदा शिकायला कलकत्त्याला गेले. आणि स्वीडनच्या काडेपेटीसम्राट इव्हार क्रॉयगरच्या कंपनीने ठरवलं की पेट्या पाठवण्यापेक्षा कारखानाच पाठवावा. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली, लोकांच्या तोंडी विम्को. कल्याणच्या पुढे, रेल्वेला लागून, पाण्याची सोय असलेल्या अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. शिलाहारांच्या १०६० सालच्या शिवमंदिरावरून ओळखलं जाणारं गाव मग आगकाड्यांचं गाव झालं. सुरुवातीला ॲस्पेनचं लाकूड परदेशातून येई, पुढे आपली सावर त्या कामी आली. क्रॉयगरने १९३२ साली पॅरिसमध्ये स्वतःवर गोळी झाडली, त्याचं कागदी साम्राज्य कोसळलं, पण विम्कोचा भोंगा चालूच राहिला. २००५ मध्ये कंपनी आयटीसीच्या ताब्यात गेली. नाक्याला नाव तेच आहे. रिक्षावाल्याला विम्को सांगितलं की तो मीटर टाकत नाही, नुसती मान हलवतो.

आमच्या लहानपणी छाप हे चलन होतं. रिंगण आखायचं, मधोमध प्रत्येकाने आपापले छाप ठेवायचे आणि चपट्या दगडाने मारून बाहेर काढायचे. जहाज छाप आमच्याकडे ढिगाने, म्हणून कवडीमोल. मामाकडून बाहेरगावचा एखादा अनोळखी छाप आला, तर त्याला दहा जहाजं. अंबरनाथच्या बाहेर हा भाव उलटा असणार हे बदलापूरच्या आत्येभावाकडे गेल्यावर कळलं. एका स्टेशनात जहाजाचा भाव चढला होता! पुढे 'बिग फन'च्या गमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळू लागली आणि धाकट्या भावंडांनी छाप सोडले.

मात्र तिथेही दर्जा होताच. मळलेला चालेल, दुमडलेला चालेल, फाटका नाही. फाटक्याला अर्धा भाव. बट्टाच की हा, आम्हाला शब्द ठाऊक नव्हता एवढंच.

अमेरिकेत हीच गोष्ट बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांची झाली. तीही सिगारेटच्या पाकिटातून आलेली, म्हणजे काडेपेटीची सख्खी शेजारीण. पाकीट चेपू नये म्हणून घातलेला पुठ्ठा, त्यावर खेळाडूचं चित्र. पोरांनी सायकलच्या चाकात अडकवावीत, आयांनी केरात टाकावीत. मग ती महाग झाली आणि दर्जाचा झगडा सुरू झाला. त्याला भाषा मिळाली ती नाण्यांचीच. 'मिंट' म्हणजे टांकसाळ. मिंट कंडिशन म्हणजे टांकसाळीतून आत्ता निघाल्यासारखं, झीज शून्य, बट्टा शून्य. १९४९ साली विल्यम शेल्डनने अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. नाव-साल कसंबसं ओळखू येणाऱ्या नाण्याचा भाव एक धरला, तर निर्दोष नाण्याला त्याच्या ७० पट, असा तो हिशेब. त्याच साली, ८ ऑगस्टला, आमच्या शेजारच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं. हा योगायोग मला उगाच आवडतो.

१९९१ मध्ये अमेरिकेत कार्डांचे पोतदार बसले. पीएसए नावाची कंपनी. कार्ड पाठवा, फी भरा, ते तपासून १ ते १० पैकी आकडा देतात आणि प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून परत पाठवतात. त्यांनी पारखलेलं पहिलंच कार्ड होनस वॅगनरचं, १९०९ ते १९११ च्या मालिकेतलं, जगातलं सगळ्यात नावाजलेलं. आकडा दिला ८. पुढे ते कोटींच्या घरात विकलं गेलं. २०१३ मध्ये ते एके काळी हाताळणाऱ्या बिल मास्त्रो नावाच्या व्यापाऱ्याने कोर्टात कबूल केलं, त्या कार्डाच्या कडा आपणच कापून सरळ केल्या होत्या.

म्हणजे माझ्या जहाजाची आणि त्या वॅगनरची व्यथा एकच, फक्त शून्यांचा फरक.

काडेपेटीच्या छापांना पोतदार नाही. जो तो आपल्या भिंगापुरता शहाणा. शाईचा ठिपका पाहायचा: जुन्या शिळाछापाचा ठिपका ओबडधोबड, हाताने टोचल्यासारखा, आताच्या प्रिंटरवरची नक्कल असेल तर चार रंगांची बारीक फवारणी दिसते. मग मागची बाजू. जुनी पेटी लाकडी पापुद्र्याची, तिला निळा कागद गुंडाळलेला, त्यावर खळीने चिकटवलेला छाप. तो काढायचा तर कोमट पाण्यात पेटी तरंगत ठेवून वाट पाहायची. घाई केली की माझ्या जहाजासारखा पापुद्रा जातो. पुढे पेटी पुठ्ठ्याची झाली, चित्र तिच्यावरच छापलं जाऊ लागलं आणि सोलून काढायला काही उरलं नाही.

बाजारात सगळ्यात महाग कोणता छाप? जो पेटीवर कधी बसलाच नाही. छापखान्यातून गठ्ठ्याने बाहेर पडलेला, मागून कोरा, पांढराशुभ्र. तो खरा मिंट, हे मला मान्य आहे. पण त्याने एकही चूल पेटवलेली नाही, कुणाच्या खिशात घाम प्यायलेला नाही, देवघराच्या कोनाड्यात काजळी खाल्लेली नाही. मला तो छाप कमी आणि छापखान्याची शिल्लक जास्त वाटतो. हे माझं मत बाजाराला विचारून केलेलं नाही, आणि त्याने माझा फायदाच होतो.

उल्हासनगरच्या व्यापाऱ्याला मी विचारलं, बट्टा हा शब्द कुठून आणला? तो म्हणाला, "आणला कुठून? आजोबा बोलायचे. शिकारपूरचे आम्ही." मग उलगडलं. सिंधमधल्या शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या एके काळी थेट बुखाऱ्यापर्यंत वटत. फाळणीत घरदार मागे राहिलं, कल्याण कॅम्पाच्या, म्हणजे पुढच्या उल्हासनगरच्या, बराकीत संसार मांडले गेले, आणि शब्द सामानाबरोबर आला असणार. त्याला काही वजन नव्हतं.

दीडशे परत आले. महिन्याभराने त्याचाच फोन.

"साहेब, घोडा छाप आलाय. मिंट नाही हां, आधीच सांगतो. मागे निळा कागद चिकटलेला आहे अजून. सांगाल तर धुऊन, साफ करून देतो."

"धुऊ नका," मी म्हटलं. "तसाच पाठवा."

"तसाच? मग बट्टा कितीचा?"

"काही नको."

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्याने आवाज उतरवून विचारलं, "साहेब, निळ्या कागदाचं काय आहे? महाग असतो का?"