कवळाण्याचा पोरगा

‘वन पीस’मधले तेनर्यूबितो सामान्यांच्या हवेत श्वास नको म्हणून डोक्यावर बुडबुडा घालून फिरतात. त्यांना हात लावला की थेट नौदलाचा अ‍ॅडमिरल येतो. ते वाचताना मला सोन्याच्या तोफा ओतून घेणारे बडोद्याचे मल्हारराव गायकवाड आठवतात.

रयतेच्या तक्रारी इतक्या, की १८७३ मध्ये इंग्रजांनी चौकशी आयोग नेमला. निकाल काय? सुधारायला १८७५ अखेरपर्यंत मुदत! पण नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेरच्या सरबतात विष सापडलं आणि दोन महिन्यांत महाराज अटकेत. लुटलेल्या रयतेपेक्षा साहेबाचा एक पेला जड ठरला. खटल्यात तीन इंग्रज सदस्य दोषी म्हणाले, तीन हिंदी सदस्यांना ते पटलं नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या नावाखाली गादी गेलीच. मंगात अ‍ॅडमिरलच्याही वर कोणीतरी असतं, तसंच हे.

रिकाम्या गादीसाठी जमनाबाईंनी दत्तक घेतला तो आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव. वय बारा, अक्षरओळख नाही. तोच सयाजीराव. १९०६ मध्ये त्याने राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.