वोलोझिनचा आठवडा

१/ आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी जेवून विद्या करायची, ही रीत महाराष्ट्रात 'वार लावून जेवणे' म्हणून परिचित आहे. पूर्व युरोपातील गरीब ज्यू विद्यार्थ्यांतही नेमकी हीच प्रथा होती आणि यिद्दिश भाषेत तिचे नावही जवळपास तेच होते : 'दिवस खाणे'. ज्या वारी घर मिळाले नाही, त्या वारी उपास.

२/ वोलोझिन (आजच्या बेलारूसमधील एक लहान गाव) येथील येशिवाने, म्हणजे तालमूदच्या उच्च पाठशाळेने, ही रीत मोडली. विल्नाच्या गाओनचे शिष्य रब्बी हाइम यांनी १८०३ च्या सुमारास ती स्थापन केली. तिचे दूत गावोगाव फिरून देणग्या जमवीत आणि त्यातून विद्यार्थ्यांना रोख वेतन मिळे. वसतिगृह नव्हते, मुले गावात खोल्या भाड्याने घेत. रक्कम तुटपुंजीच असे, पण ताटावर बसताना यजमानाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची पाळी येत नसे. हा बदल दिसतो त्याहून मोठा होता.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येशिवाची धुरा रब्बी नफ्ताली झ्वी येहुदा बर्लिन यांच्याकडे होती. 'नत्झीव' या संक्षिप्त नावाने ते ओळखले जात. सकाळच्या प्रार्थनेनंतर त्या आठवड्याच्या तोरा-पाठावर त्यांचे विवरण होई. तालमूदचे अध्यापन मात्र वाटून घेतलेले : आठवड्याच्या पूर्वार्धात नत्झीव, उत्तरार्धात १८८० च्या दशकात तरुण रब्बी हाइम सोलोवेत्चिक. एकाचा भर मूळ पाठ आणि प्राचीन आधारांवर, तर दुसऱ्याचा संकल्पनेची चिरफाड करण्यावर. एकाच आठवड्यात दोन परस्परभिन्न पद्धती कानी पडत; त्यावरून विद्यार्थ्यांत तट पडले नसते तरच नवल.

४/ व्याख्यान हा दिवसाचा लहानसा भाग. उरलेले तास पोथीसमोर, डोलत, मोठ्याने, सुरात. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागला की लेखणी बंद. पठण मात्र चालूच.

५/ रात्रीही ते थांबत नसे. अध्ययन क्षणभर जरी सर्वत्र थांबले तरी सृष्टी लयाला जाईल, अशी संस्थापकांची श्रद्धा होती. म्हणून पाळ्या लावून चोवीस तास कोणी ना कोणी वाचत असे. अर्थात त्याच तरुणांपैकी काहींकडे हिब्रू वृत्तपत्रे आणि रशियन पुस्तकेही लपवलेली असत. १८९० मध्ये आलेला सतरा वर्षांचा हाइम नाहमान ब्यालिक त्यांतलाच. पुढे तो आधुनिक हिब्रूचा श्रेष्ठ कवी झाला; 'हा-मत्मीद' ही त्याची दीर्घ कविता येथील अखंड अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यावर आहे.

६/ झारच्या शासनाला या मुलांनी रशियन आणि इतर लौकिक विषय शिकावेत असे वाटत होते. १८९१ च्या अखेरीस कडक नियम आले. त्यांत रात्रीच्या अध्ययनास बंदी होती. लौकिक विषयांचा वाद नेहमी सांगितला जातो, परंतु रात्रीची बंदी ही थेट संस्थेच्या गाभ्यावर घाव होती. शिवाय नत्झीव यांच्या उत्तराधिकारावरून आतही धुसफूस होतीच, हे विसरून चालणार नाही.

७/ १८९२ च्या हिवाळ्यात येशिवाला टाळे लागले आणि विद्यार्थ्यांना गाव सोडावे लागले. नत्झीव पुढच्याच वर्षी वॉर्सा येथे वारले. येशिवा नंतर लहान स्वरूपात पुन्हा उघडली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. तिची जुनी इमारत वोलोझिनमध्ये अजून उभी आहे.