अंधाऱ्या क्रीडागृहांतील छायाचित्रें

डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं बास्केटबॉलचा खेळ सुरू केला. त्यांच्या पहिल्या चमूचें छायाचित्र आजहि उपलब्ध आहे. परंतु त्यांत खेळ दिसत नाहीं, दिसतात तीं निश्चल माणसें. खेळ चाले बंदिस्त व्यायामशाळेंत, आणि तेथला उजेड छायाचित्रास अपुरा पडे.

ताशीं ३० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या तिसाव्या हिश्शांत सुमारें २८ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाहूनहि अधिक. मंद दिव्यांत कॅमेऱ्याची झडप तेवढा वेळ उघडी ठेवावी, तर चेंडूचा नुसता पट्टा उमटे. लवकर मिटावी, तर कांच कोरीच राही.

१८८७ मध्यें जर्मनींत निघालेल्या मॅग्नेशियमच्या भुकटीनें लख्ख उजेड पडे, पण धूरहि कोंडे. १९३० च्या सुमारास आलेल्या कांचबंद दिव्यानें धूर गेला. तरी एका चित्रास एक दिवा खर्चीं पडे. १९३१ मध्यें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत हॅरल्ड एजर्टन यांनीं सांठविलेली वीज वायूच्या नळींतून एकदम सोडून अत्यल्प काळाचा लखलखाट पुनःपुन्हां मिळविण्याची युक्ति सिद्ध केली. पुढें याच युक्तीनें उडी घेतलेला खेळाडू हवेंतच टिपतां येऊं लागला. आजचे कॅमेरे तर क्रीडागृहाच्या दिव्यांवरच भागवितात.

तेव्हां जुनीं चित्रें पाहून जुना खेळ संथ होता, असें कोणी मानूं नये. एखादी गोष्ट चित्रांत नाहीं, एवढ्यावरून ती घडलीच नाहीं म्हणण्यापूर्वीं, त्या दालनांत उजेड किती होता, हें इतिहासाच्या अभ्यासकानें अवश्य विचारावें.