पंधरा नोव्हेंबर, मणिबेली

१५ नोव्हेंबर १९९०. कुडाच्या घराच्या ओट्यावर तुम्ही घोंगडी पांघरून बसला आहात. खाली नर्मदा वाहते आहे. वाहते, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ती इथे साचणार आहे. पल्याडचा काठ गुजरातचा, पाठीशी सातपुडा. तालुका अक्कलकुवा, जिल्हा अजून धुळेच. नंदुरबार वेगळा होईल १९९८ मध्ये. घरातली बोली ना मराठी, ना गुजराती. सरकारी कागद मात्र मराठीत.

अशाच दुसऱ्या एका सीमेवर, तिकडे बेल्जियमच्या पूर्व कडेला, ऑयपेनच्या मुलखात, लोक जर्मन बोलतात. ते जागचे हलले नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने १९२० साली सीमाच त्यांच्या डोक्यावरून सरकली. १९४० मध्ये हिटलरने ती मागे ओढली, युद्ध संपल्यावर ती परत आली. माणसं पाऊण लाखाच्या आसपास, नगरपालिका नऊ. तरी विधानसभा स्वतःची, सरकार स्वतःचं. आणि याच वर्षी त्यांनी आपल्या सणाची तारीख मुक्रर केली आहे: १५ नोव्हेंबर.

इकडे ओट्यावर तारखेला कोण विचारतो? या डोंगरात होळीसुद्धा गावागावाने वेगळ्या दिवशी पेटते.

सहाच आठवड्यांनी, २५ डिसेंबरला, खोऱ्यातली माणसं सरदार सरोवर धरणाविरोधात मध्य प्रदेशातल्या राजघाटहून गुजरातच्या सीमेवरच्या फेरकुव्याकडे चालू लागतील. ‘कोई नहीं हटेगा, बांध नहीं बनेगा.’ बांध झाला. धरणाचं पाणी महाराष्ट्रात आधी शिरलं ते मणिबेलीतच. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी एक जाहीरनामा काढला: मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये. त्याचं नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. गाव बुडत होतं आणि नाव जगभर फिरत होतं. हा मान कोणी मागितला होता?

डोळे उघडा. आता तुम्ही नावेत आहात, तारीख तीच, वर्ष आजचं. आदिवासी नेते बिरसा मुंडा १८७५ साली याच दिवशी जन्मले, म्हणून २०२१ पासून देशभर हा ‘जनजातीय गौरव दिवस’. ऑयपेनशी जुळलेली तारीख निव्वळ योगायोग. माझ्या मनातून मात्र ती जात नाही.

नावाडी इंजिन बंद करतो. ओटा कुठे होता, तुम्ही विचारता. तो पाण्याकडे बघतच नाही. वरच्या टेकडीवरची एक खूण धरतो आणि तिथून हाताने खाली खाली मोजत येतो.