दोन धावा

रणजी फायनल म्हटलं की मला १९९१ आठवतं. खरं तर आम्ही सोलापूरकर महाराष्ट्राच्या संघाचे, मुंबईचा संघ वेगळा. आणि महाराष्ट्राने रणजी शेवटची जिंकली ती १९४०-४१ मध्ये, देवधरांच्या कप्तानीत! पण त्या मे महिन्यात वानखेडेवर जे झालं ते संघबिंघ विसरायला लावणारं होतं.

कपिलच्या हरियाणाकडे पहिल्या डावात ११२ ची आघाडी. म्हणजे सामना अनिर्णित राहिला तरी करंडक त्यांचाच. मुंबईला शेवटच्या दिवशी ३५५ काढणं भागच होतं. ३ बाद ३४ अशी दाणादाण उडाल्यावर सचिनने ९६ ठोकल्या. मग वेंगसरकर एका टोकाला उभाच राहिला, नाबाद १३९. शेवटच्या जोडीने ४७ जोडल्या आणि जिंकायला फक्त तीन हव्या असताना अबे कुरुविला धावबाद! मुंबई सर्वबाद ३५२.

वेंगसरकर मैदानावरच रडला. लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं मारलेला, भारताचा कप्तान राहिलेला माणूस, एका देशांतर्गत स्पर्धेसाठी! रणजी तेव्हा काय चीज होती, हे मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा त्या अश्रूंतून जास्त कळतं. विजेता म्हणून नाव हरियाणाचं लागलं, लक्षात मात्र हरलेला राहिला.